मनकवड्याचं खातं

बँकेच्या काउंटरवर बसणाऱ्या माणसाला मनकवडेपणा अवगत असला पाहिजे, अशी गिऱ्हाइकांची प्रामाणिक समजूत असते. गिऱ्हाईक खिडकीसमोर उभं राहतं आणि विचारतं, "साहेब, ते माझं झालं का?" यातलं 'ते' म्हणजे काय आणि 'माझं' म्हणजे कुणाचं, हे आम्ही चेहऱ्यावरून ओळखायचं. ओळखलं तर त्यात विशेष काही नाही. नाव विचारलं, तर "इतकी वर्षं यायलो, अजून वळख नाई व्हय?" असा उलटा सवाल. वीस वर्षांच्या सरावानं मला 'ते' म्हणजे पीककर्ज, पीकविमा की सुनेच्या नावचं पासबुक, एवढं साधारण ओळखता येऊ लागलं आहे. पण याला सिद्धी म्हणत नाहीत. याला सर्व्हिस म्हणतात. आणि प्रमोशनच्या मुलाखतीत तिचा उल्लेखसुद्धा करता येत नाही.

दुसऱ्याच्या मनातलं कळावं, हात न लावता वस्तू हलावी, भिंतीपलीकडचं दिसावं, ही माणसाची हौस फार जुनी. प्रश्न एवढाच की, अशी शक्ती असलीच, तर तिला बसायला जागा कुठं द्यायची? मठात, प्रयोगशाळेत की घरातल्या ओसरीवर? मी पडलो कॉमर्सचा पदवीधर. ज्या गोष्टीला जमा आणि नावे अशा दोन बाजू नाहीत ती मला कळत नाही. त्यामुळे माझं मत असं की, या शक्तीची खरी जागा पटावर आहे, फाशांच्या शेजारी. का, ते सांगतो. पण त्यासाठी थोडं मागं, म्हणजे महाभारतापर्यंत जावं लागेल. त्याच्या अलीकडून कुठलाही विषय सुरू करायची आपल्याकडे पद्धत नाही.

नळराजाची गोष्ट सगळ्यांना ठाऊक असते ती हंस आणि दमयंतीपर्यंत. पुढची गोष्ट हिशेबाची असल्यामुळे कीर्तनकार ती जरा लवकर उरकतात. नळाच्या अंगात कली शिरला, द्वापर फाशांत शिरला आणि नळ आपल्या भावाशी, पुष्कराशी खेळता खेळता राज्य हरला. म्हणजे फाशांवर बाहेरची शक्ती चालवण्याचा प्रकार तेव्हापासूनचा. पुढं हाच नळ बाहुक या नावानं अयोध्येच्या ऋतुपर्णाचा सारथी झाला. एकदा दोघं रथातून विदर्भाकडे, दमयंतीच्या माहेरी, भरधाव निघाले असताना वाटेत बेहड्याचं झाड लागलं. ऋतुपर्णानं त्याच्याकडे नुसतं पाहिलं आणि सांगितलं, "या दोन फांद्यांवर पाच कोटी पानं आणि दोन हजार पंच्याण्णव फळं आहेत."

इथं दुसरा कुणी असता तर त्यानं हात जोडले असते. नळानं रथ थांबवला. राजा म्हणाला, उशीर होतोय. नळ म्हणाला, होऊ दे, मी मोजणार. आणि त्यानं झाड तोडून फळं मोजली. माझ्या मते जगातल्या अतींद्रिय शक्तीचं हे पहिलं ऑडिट. आकडा बरोबर निघाला, तेव्हा कुठं नळानं ती विद्या मागितली. तिचं नाव अक्षहृदय, म्हणजे फाशांचं हृदय जाणण्याची विद्या. त्या बदल्यात त्यानं राजाला घोड्यांची विद्या द्यायचं कबूल केलं. फुकट काही नाही, देवाणघेवाण. आणि ही विद्या मिळताच अंगातला कली बाहेर पडला.

आता गंमत पाहा. जुन्या काळचे फासे म्हणजे बेहड्याचीच फळं. ती मूठभर उधळायची आणि मोजायची. म्हणजे अक्षहृदय हे मंतरलेलं काही नसून झटपट मोजण्याची कला असावी, असं वाटायला जागा आहे. इअन हॅकिंग नावाच्या कॅनडाच्या तत्त्वज्ञानं संभाव्यतेच्या गणिताचा इतिहास १९७५ साली लिहिला, त्यातही त्यानं या झाडाखाली थांबून नळ-ऋतुपर्णाची दखल घेतली आहे. विदर्भाच्या वाटेवरचं एक झाड केंब्रिजच्या छापखान्यापर्यंत पोचलं, आणि आम्हाला मात्र भोकरहून नांदेडला पोचायची पंचाईत.

सिद्धींची रीतसर नोंदवही ठेवली ती पतंजलींनी. योगसूत्रांचे चार पाद. त्यांतला तिसरा विभूतिपाद, म्हणजे शक्तींचं खातं. दुसऱ्याचं चित्त ओळखण्यापासून आकाशगमनापर्यंत सगळ्या नोंदी तिथं आहेत. पण त्याच पादात पतंजली बजावतात की, जगाच्या दृष्टीनं या सिद्धी असल्या तरी समाधीच्या वाटेवर हे अडथळेच. कर्जाच्या जाहिरातीखाली बारीक अक्षरात अटी असतात, तसं हे वाक्य आहे, आणि तसंच ते कुणी वाचत नाही.

आपल्या संतमंडळींनी मात्र ते वाचलं होतं. चांगदेवांची कथा आठवा. चौदाशे वर्षांचं वय, बसायला वाघ, हातात सापाचा चाबूक. एवढ्या जामानिम्यानं ते ज्ञानेश्वरांना भेटायला आले, तर समोरून चार भावंडं भिंतीवर बसून आली. लोकांना भिंत चालली याचंच कौतुक. मला त्याआधीच्या कोऱ्या पत्राचं कौतुक वाटतं. चांगदेवांना मायना सुचेना. वयानं लहान म्हणून आशीर्वाद लिहावा की ज्ञानानं मोठे म्हणून दंडवत, या पेचात त्यांनी कोरा कागदच पाठवला. चौदाशे वर्षांच्या सिद्धीनं एक मायना सुटला नाही! मुक्ताबाईंनी त्यावर जो टोमणा मारला असं सांगतात, तो आजही परीक्षेत कोरा पेपर देणाऱ्याला चालेल. ज्ञानेश्वरांनी उत्तरादाखल पासष्ट ओव्या पाठवल्या, त्यात वाघ कसा हाकावा याबद्दल काही नाही.

याच ज्ञानेश्वरांच्या नावावर परंपरा मोक्षपटाचा खेळही घालते. त्यांच्या काळचा पुरावा कुणी दाखवलेला नाही, पण परंपरेला पुरावा लागत नाही, तिला नाव लागतं. मोक्षपट म्हणजे आपल्या सापशिडीची आजी. सद्गुणाच्या घरातून शिडी वर, दुर्गुणाच्या घरात सापाचं तोंड, आणि शेवटी मुक्ती. उत्तरेकडे यालाच ज्ञानचौपड म्हणत. बहात्तर घरांचे, चौऱ्याऐंशी घरांचे, शंभराच्या वरचेही पट सापडतात. कोपनहेगन विद्यापीठात याकोब श्मिट-मॅडसेन या अभ्यासकानं २०१९ साली अठराव्या-एकोणिसाव्या शतकातल्या पश्चिम भारतातल्या या पटांवर आख्खा प्रबंध लिहिला. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस हा खेळ इंग्लंडात विकला जाऊ लागला. तिथं मोक्ष वगळला आणि साप तेवढे ठेवले.

या पटावर एक मोठी न्यायाची गोष्ट आहे. कवड्या पडतील तितकीच घरं. तुम्ही योगी असा, पाटील असा की शाखाधिकारी, सापाच्या तोंडात सोंगटी गेली की खाली. "माझी वरपर्यंत ओळख आहे" हे वाक्य तिथं चालत नाही.

पण माणसाचं मन असं की, फासा हातात आला की त्याला मनानं वळवावं असं वाटतंच. 'पड, सहा पड' असं म्हणताना आपण सगळेच अर्धे मांत्रिक असतो. अमेरिकेत ड्यूक विद्यापीठात जोसेफ बँक्स ऱ्हाइन या गृहस्थांनी हे प्रकरण प्रयोगशाळेत नेलं. त्यांनी आधी पत्ते घेतले: पाच चिन्हांचे पंचवीस पत्ते, न पाहता ओळखायचे. नुसत्या अंदाजानं सरासरी पाच बरोबर येतात. त्याहून सतत जास्त आले तर काहीतरी आहे म्हणायचं. १९३४ साली त्यांचं पुस्तक आलं आणि गाजलं. त्याच सुमारास फासे मनानं वळतात का, याचेही प्रयोग सुरू झाले. इतरांनी कडक बंदोबस्तात तेच करून पाहिलं, तेव्हा मात्र तसे आकडे हाती लागेनात. पुढं १९७४ साली ऱ्हाइन यांच्याच संस्थेच्या तरुण संचालकाला प्रयोगाच्या यंत्राशी हातचलाखी करताना सहकाऱ्यांनी पकडलं. ऱ्हाइन यांनी ते स्वतः जाहीर केलं, हा त्यांचा मोठेपणा.

आणि त्याच १९७४ साली, त्याच अमेरिकेत, गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन या दोघांनी 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' नावाचा खेळ बाजारात आणला. प्रयोगशाळेत शक्तीचं खातं बंद व्हायला आणि पटावर नवं खातं उघडायला एकच साल.

हा खेळ मला माझ्या पुतण्यामुळं कळला. तो पुण्याला शिकायला आहे. दिवाळीला आला तो एक थैली घेऊन. आमच्या मंडळींना वाटलं खडीसाखर आणली, निघाले फासे. चार बाजूंचे, आठ बाजूंचे, बारा बाजूंचे, आणि एक तर वीस बाजूंचा. रात्री ओसरीवर बैठक बसली. यात एक जण डंजन मास्टर, म्हणजे सूत्रधार आणि पंच दोन्ही. बाकीच्यांनी एकेक सोंग घ्यायचं: कुणी योद्धा, कुणी जादूगार, कुणी चोर. मग सूत्रधार प्रसंग सांगतो, आपण आपल्या सोंगाला शोभेल असं वागायचं, आणि जमलं की फसलं ते फासा ठरवतो. लळितात सोंगं येतात तसाच प्रकार, फक्त सोंगाला काय साधेल ते फासा सांगणार.

"काका, तुम्ही कोण होणार?" पुतण्यानं विचारलं.

"मनकवडा," मी म्हणालो. "एवढी वर्षं बिनपगारी करतोय, एकदा अधिकृत होऊ दे."

त्याला जुन्या नियमांचा फार सोस. त्यानं सांगितलं की, मानसिक शक्ती या खेळात १९७६ च्या एका पुरवणीत आल्या आणि १९७८ च्या मोठ्या नियमपुस्तकात परिशिष्टात बसल्या. परिशिष्टात! म्हणजे बँकेच्या भाषेत हंगामी कर्मचारी. तिथला नियम असा: बुद्धी, शहाणपण किंवा छाप पाडण्याची ताकद, यांपैकी एक तरी गुण अठरापैकी निदान सोळा असायला हवा. मग शंभराचा फासा टाकायचा. मूळ संधी शंभरात एक. गुण फारच चांगले असतील तर किंचित जास्त. मी फासा टाकला. सदतीस.

"काका, तुमच्यात सिद्धी नाही."

"ते तुझ्या काकूनं लग्नानंतर आठच दिवसांत सांगितलं होतं," मी म्हणालो.

पण हिशेबाची गोष्ट निघाली म्हणताच माझी झोप उडाली. या खेळातला जादूगार सकाळी मंत्र पाठ करतो, आणि मंत्र एकदा वापरला की विसरतो. म्हणजे चेकबुक, पान फाडलं की गेलं. मानसिक शक्तीवाल्याचं तसं नाही. त्याच्या खात्यात अंक शिल्लक असतात. शक्ती वापरली की अंक नावे पडतात, विश्रांती घेतली की पुन्हा जमा होतात. म्हणजे चालू खातं. मनानं मनाशी लढायचे हल्ल्याचे पाच प्रकार आणि बचावाचे पाच. त्यांनाही अंक लागतात. शिवाय शक्ती वापरली की तिच्या वासानं मनावर जगणारे राक्षस येण्याचा धोका. आमच्याकडेही खात्यात मोठी रक्कम आली की नातेवाईक येतात, तसंच.

हे कळल्यावर मी त्या खेळाला मनोमन नमस्कार केला. पतंजलींच्या बारीक अक्षरांतल्या अटी इथं मोठ्या अक्षरांत छापल्या होत्या.

खेळणाऱ्यांना मात्र ही सोय पचली नाही, आणि जवळजवळ पन्नास वर्षं तिच्या जागेवरून वाद चालला. एक तक्रार अशी की, चौघांपैकी एकाला नुसत्या नशिबानं फुकट शक्ती मिळते. बाकीच्यांनी काय पाप केलं? एकाच बॅचमधल्या एकालाच जादा इन्क्रिमेंट मिळालं, तर शाखेत जे होईल तेच तिथं झालं. दुसरी तक्रार: राजवाडे, तलवारी आणि ड्रॅगनांच्या जगात ही विज्ञानकथांतली पाहुणी कशाला? कारण तिचं इंग्रजी नाव 'सायऑनिक्स', 'इलेक्ट्रॉनिक्स'च्या वजनावर बेतलेलं, १९५० नंतर अमेरिकी विज्ञानकथांतून आलेलं. मग १९९१ साली या शक्तींसाठी वेगळं पुस्तक निघालं आणि मनोयोग्याला स्वतःची केडर मिळाली. त्याच वर्षी 'डार्क सन' नावाचं एक जग निघालं: रखरखीत वाळवंट, पाणी सोन्याच्या भावानं, आणि तिथल्या प्रत्येक नायकाकडे थोडी तरी मानसिक शक्ती. हे मला लगेच पटलं. २०१६ च्या उन्हाळ्यात लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं होतं. तो उन्हाळा काढलेल्या माणसाकडे काही ना काही सिद्धी असणारच. २०१४ च्या नव्या आवृत्तीत या शक्तींना स्वतंत्र केडर मिळाली नाही. एक मसुदा तपासायला दिला तोही मागं घेतला, आणि २०२० साली योद्धा, चोर, मांत्रिक यांच्याच पोटात एकेक उपशाखा काढून तिला बसवलं. याला आम्ही विलीनीकरण म्हणतो.

जादू वेगळी की मनाची शक्ती वेगळी, या वादाचा निकाल खरं म्हणजे पतंजलींनी चौथ्या पादाच्या पहिल्याच सूत्रात दिला आहे. सिद्धी पाच वाटांनी येतात: जन्मानं, औषधींनी, मंत्रानं, तपानं आणि समाधीनं. म्हणजे शंभराच्या फाशावर उपजत शक्ती मिळालेला तो जन्माचा, पाठांतरवाला जादूगार तो मंत्राचा, १९९१ चा मनोयोगी तो तपाचा. खाती पाच, शाखा एकच. हे मी पुतण्याला सांगितलं तेव्हा तो म्हणाला, "काका, हे त्यांना कळवायला हवं होतं." मी म्हणालो, "आपल्याकडे तरी कुणी वाचलं होतं?"

इथवर सगळी गंमत झाली. पण पटाबाहेरही एक मनकवडा असतो, त्याचं सांगायला हवं.

आमच्या शाखेत सोनेतारणाच्या टेबलावर मी काही वर्षं होतो. एकदा एक मामा बायकोच्या पाटल्या घेऊन आले. कागदावर कारण लिहिलं 'घरखर्च'. पण फॉर्म भरता भरता माणूस बोलतोच. त्यांच्या शेतात गुप्तधन होतं. कुण्या महाराजांना ते जमिनीखाली स्पष्ट दिसलं होतं, आणि काढायच्या विधीला पैसे लागत होते.

मी म्हणालो, "मामा, महाराजांना विचारा, माझ्या टेबलाच्या खणात काय आहे? तेवढं सांगितलं तर मीच पैसे देतो."

मामा माझ्याकडे दयेनं बघत म्हणाले, "तसं नसतंय साहेब. त्याला इश्वास लागतो. तुमच्यासारख्यापुढं दिसत नाई त्यान्ला."

हे उत्तर फार जुनं आहे. नळानं ते ऐकून घेतलं नसतं. पण नळाजवळ कुऱ्हाड होती. माझ्याजवळ रबरी शिक्का होता, आणि आपलं सोनं तारण ठेवायचा मामांना पूर्ण हक्क होता. शेतात खड्डा झाला. पावसाळ्यात त्यात पाणी साचलं, तेवढंच गुप्तधन. महाराज दिसेनासे झाले; ते मात्र त्यांना उत्तम साधलं. मामांनी सोयाबीनच्या दोन हंगामांच्या पैशांतून पाटल्या सोडवल्या. तोवर दर वेळी व्याज भरायला मामी सोबत यायच्या. काउंटरवर मोकळे हात ठेवून उभ्या राहायच्या आणि एकच विचारायच्या, "किती राहिलं?" तेव्हा त्यांच्या मनातलं ओळखायला कुठलीही सिद्धी लागत नव्हती.

अशांसाठी आपल्याकडे कायदा आहे. चमत्काराचा दावा करून फसवणं आणि पैसे उकळणं हा महाराष्ट्रात २०१३ पासून गुन्हा आहे. त्यासाठी वर्षानुवर्षं झगडलेल्या डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा त्याच वर्षी २० ऑगस्टला पुण्यात खून झाला, आणि मग काही दिवसांत वटहुकूम निघाला. त्यांच्या अंधश्रद्धा निर्मूलन समितीचं चमत्कार सिद्ध करून दाखवणाऱ्याला २१ लाख रुपयांचं आव्हान होतं. ते कुणीही जिंकलं नाही. एकवीस लाख रुपये कुठं ठेवलेत हे दिसत नसलेल्याला मामांच्या शेताखालचं दिसतं, हे नवल. मामांनी तक्रार केली नाही. म्हणाले, "लोक हसतील." फसवणारा याच एका मनकवडेपणावर जगतो. लाजेपायी आपण गप्प बसणार, हे त्याला अचूक ओळखता येतं.

म्हणून मी त्या वीस बाजूंच्या फाशाचा पक्षपाती आहे. ओसरीवर बसलेल्या पोरांमध्ये ज्याला मनातलं ओळखायचंय, त्यानं ते सगळ्यांसमोर बोलायचं, खात्यातले अंक खर्ची टाकायचे आणि फासा चटईवर उघडा टाकायचा. पडला तर पडला. "तुमचा विश्वास नाही म्हणून पडला नाही" असं म्हणणाऱ्याला ती पोरं दुसऱ्या दिवशी खेळायला बोलावणार नाहीत. बँकेत एकानं नोंद करायची आणि दुसऱ्यानं तपासायची हा नियम आहे. त्या खेळातही आहे. महाराजांच्या खोलीत तेवढा नसतो.

आता अक्षहृदयाचं पुढं काय झालं, तेवढं सांगून थांबतो. ही नळाची गोष्ट वनवासात बृहदश्व ऋषींनी युधिष्ठिराला सांगितली आणि शेवटी ती विद्याही त्याला दिली. एवढी सिद्धी हाती आल्यावर युधिष्ठिरानं काय करावं? मठ काढला नाही, गंडे विकले नाहीत. अज्ञातवासात कंक हे नाव घेऊन तो विराटाच्या दरबारी राजाशी फासे खेळायच्या नोकरीला लागला. पगारात वर्ष काढलं. आणि एके दिवशी खेळता खेळता त्यानं राजपुत्राऐवजी बृहन्नडेची स्तुती केली, तेव्हा विराटानं रागानं हातातला फासा त्याच्या तोंडावर फेकून मारला. नाकातून रक्त आलं. फाशांचं हृदय जाणणाऱ्या माणसाला, तो फासा आपल्याच नाकावर येतोय, हे शेवटपर्यंत कळलं नाही. पण निदान त्यानं त्यासाठी कुणाच्या पाटल्या गहाण ठेवायला लावल्या नव्हत्या.